मोहाखालची झाडलोट

आमच्या उमरीटोल्यात मोहाच्या झाडाले कोनाचं नाव लागलेलं नसते. जंगलातलं झाड ते, त्याले नाव कोनाचं लागन? पन शिमग्याच्या आधी ज्यानं झाडाखालचा पालापाचोळा काढला, बुडापासून फांद्यायच्या सावलीवरी भुई झाडून साफ केली अन् आपला खराटा बुडाले टेकवून ठुवला, त्या साली ते झाड त्याचं. फुलं त्यानंच वेचायचे. दुसरं कोनी हात लावत नाई. पह्यले पाल्याले काडी लावली की काम होत होतं. आता जंगल पेटते म्हणून फॉरेस्टवाले काडी लावू देत नाई, मंग सगळं खराट्यानंच. अन् एखाद्या घरानं एक साल झाडलं नाई तं ते झाड मोकळं. ज्याचा खराटा पह्यले लागला, त्याचं. हे मी आधीच सांगून ठुवतो, नाई तं तुमी बी त्या कॉलेजच्या पोट्ट्यायवानी अर्ध्यातच विचारत बसान.

नाल्याकाठचे तीन मोह आमचे होते. म्हंजे माह्या नवऱ्याचे, नीलेशचे. नाव घेतलं आता, रागावाले कोन हाय?

दिवाळी झाल्यावर तो चण्याच्या राखणीले गेलता. बाजूच्या वावरात डुकरासाठी तारेत करंट सोडलता. सकाळी लोकं घेऊन आले त्याले, बाजेवर टाकून. पायातली चप्पल एकच होती. मी दुसरी कुठं गेली म्हणून अंगणात पाह्यत राह्यली. बाया म्हणे, रड व जया, मोकळी हो. दोघीतिघींनी मले धरून हलवलं बी. मले रडूच नाई आलं. त्याच्यानंतर बी काई आलं नाई. चूल पेटवली की भात शिजे, ताटात घेतला की पोटात जाये. हात धुतले की झालं. माह्या सासूनं, आनंदाबाईनं, एक दिवस माह्या तोंडापुढं हात हलवून पाह्यला, दिसते का नाई म्हणून.

घरात आमी दोघीच उरलो, मी अन् बुढी. भिंतीले भिंत लागून माह्या भासऱ्याचं घर, रामाजीचं. नीलेशचा मोठा भाऊ. आमच्यात लहान भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर बोलाचं नाई, डोक्यावरचा पदर खाली येऊ द्याचा नाई, त्यानं बी तिच्यासंग बोलाचं नाई. मंग त्याले मले काई सांगाचं असलं की तो बुढीले सांगे, मी ऐकीन असं.

संक्रांतीच्या टायमाले तो ओसरीवर येऊन बसला अन् बुढीले म्हणे, "माय, नीलेशच्या बायकोनं आता माहेरी जावं. तरणीताठी हाय, भाऊ पाह्यतीन. तुले मी पाहीन."

मी आत तांदूळ निवडत होती. निवडतच राह्यली.

मले एवढं समजत होतं की जवरी ते तीन मोह हायेत तवरी ह्या घरात माह्यं काई हाय. मोह गेले तं मी पाहुनी. पाहुनीले कवा बी म्हणता येते, जा आता.

हे सगळं समजे. तरी होत नव्हतं. रोज सकाळी मी नीलेशचा खराटा उचले. सागाच्या दांड्याले बांधलेला, दांडा हातानं घासून घासून गुळगुळीत झालता. दारावरी जाये अन् परत ठुवून देये. उद्या जाईन. बुढी पाह्यत राहे. फागुन लागला तरी माह्यं उद्याच सरत नव्हतं.

तेवढ्यात वर्ध्याहून समाजकार्य कॉलेजचे पोट्टेपोट्ट्या आले. दर साली कुठल्या ना कुठल्या गावात त्यायचं शिबिर राह्यते, त्या साली आमच्या टोल्यावर. कारंज्यापासून गाडी करून आले, गाद्या, सैपाकाचे गंज, माईक, सगळं घेऊन. शाळेत उतरले. संग त्यायच्या भगत मॅडम. बारीक बाई, चष्मा, पायात बूट. गावात पाय ठुवल्या ठुवल्या सगळ्यायले हात जोडत सुटली, बकऱ्या बांधणाऱ्या पोरीले बी.

भासऱ्यानं बुढीले म्हटलं, "माय, सुनेले शाळेत सैपाकाले पाठव. घरी बसून बसून डोकं जाईन तिचं."

बुढीले वाटलं भलं करून राह्यला. मले काईच वाटलं नाई. गेली मी.

सकाळपासून संध्याकाळवरी पोळ्या, वरण, आलूची भाजी. चूल शाळेच्या ओसरीच्या मांगं होती अन् ओसरीवर मॅडमचा वर्ग भरे, म्हणून मले सगळं आयकू ये. आदिवासी समाजासोबत काम कसं कराचं, हेच शिकवत होती बाई. आमच्यासंग कसं वागाचं हे शिकवाले मास्तर लागते, हे मले तवा समजलं. पन बाई चांगलं शिकवे, खोटं कायले बोलू.

"आपण इथं कोणाला सुधारायला आलेलो नाही," ती म्हणे. "कोणाच्या घरात विचारल्याशिवाय शिरायचं नाही. विचारून फोटो काढायचा. नाही म्हणाले तर राग धरायचा नाही. आणि श्रमदान तुमच्या मनानं ठरवायचं नाही. मागच्या बॅचनं एका गावात शोषखड्डा खणला, त्या जागी गावातली मुलं खेळायची. तेव्हा गावाला विचारा. गाव सांगेल ते काम करा."

हिंगणघाटचा एक अश्विन नावाचा पोट्टा होता, खिदळणारा. त्यानं हात वर केला. "मॅडम, पण गाव म्हंजे कोन?"

सगळे हासले. मॅडम नाई हासली. "फार चांगला प्रश्न आहे," म्हणे. "यावर नीट बोलू." अन् तिनं मांगं वळून मले विचारलं, "जयाताई, जेवण झालं का हो?"

झालतं. पोळ्या गरम होत्या. मंग सगळे ताटं घेऊन उठले अन् ते बोलनं राह्यलं ते राह्यलंच.

दुसऱ्या दिवशी पोट्टे गावाले विचाराले निघाले. शाळेच्या फाटकाशी रामाजी खुर्ची टाकून बसलाच होता. शिबिर आल्यापासून तो तिथंच बसे. दाढी केलेली, धुतलेला सदरा.

दुपारी मी वरणाले फोडणी देत होती तं पोट्टे आले. घामानं भिजलेले, डोक्यात पालापाचोळा, पन खुशीत. गुंजन नावाची पोट्टी माह्याच घरी झोपाले राहे, बुढीच्या बाजूले. ती धावतच आली अन् दोनी तळहात माह्यापुढं केले.

"मावशी, पाहा ना, फोड आले. आज आम्ही झाडांखालची जागा साफ केली. मोहाचे मोठेमोठे तीन झाडं आहेत ना, तिकडे नाल्याजवळ? इतका पाला होता, बापरे! कोणी हातच लावला नव्हता. रामाजीकाकांनी खराटे दिले, चहा-पोहे दिले. गावाच्या कामाचं आहे म्हणाले."

माह्या हातात पळी होती. मोहरी तडतडून काळी पडली. मी ती तशीच वरणात ओतली.

"मावशी, दुखते हो."

मी तेलाची शिशी घेतली. तिचे हात माह्या मांडीवर घेतले अन् एकेका फोडाले हळद अन् तेल लावून देल्लं. नाजूक हात होते, बोटात चांदीची अंगठी. अंगठीच्या खालीच मोठा फोड आलता. मी अंगठी काढून तिच्या पदरात, म्हंजे ओढणीत, बांधून देल्ली. म्हटलं, "हरवशीन."

"थँक्यू मावशी," म्हणे.

भांडे घासून झाल्यावर मी नाल्यावर गेली. जागा झाडलेली होती, पोट्ट्यायनं मन लावून झाडलतं. आमी झाडतो त्याच्याहून बी जास्त, मातीच वर आलती. बुडाले चुना लावलता गोल गोल, अन् बाजूले भुईवर चुन्यानंच कॉलेजचं नाव लिहिलं होतं. तिन्ही बुडाले खराटे टेकवलेले. भासऱ्याचे खराटे. मी ओळखतो, वच्छला, माह्यी जाऊ, लाल चिंधीनं बांधते.

मले तवा सैपाकाचं काम काऊन भेटलं ते बी समजलं.

मी तिथं उभी राह्यली. मनात म्हटलं, उचल ते खराटे अन् नाल्यात फेक. हात हलला नाई. घरी येऊन बुढीले एवढंच म्हटलं, "आत्या, नाल्यावरचे गेले."

बुढी रातभर कूस बदलत राह्यली. दोनी पोरं तिच्याच पोटचे. एक मेलेला, एक जित्ता. सकाळी तिनं काठी घेतली अन् शाळेत गेली. मी मांगंमांगं. मॅडमचा वर्ग चालू होता. बुढी मधातच जाऊन उभी राह्यली.

"तुमी माह्या सुनेचे झाडं नेले," म्हणे. "लेकरू मेलं माह्यं, अन् तुमी त्याचे झाडं त्याच्या भावाले झाडून देल्ले. कॉलेजात हेच शिकवते काय व तुले, चष्मेवाले?"

मॅडमनं बुढीले खुर्चीवर बसवलं, पानी देल्लं, अन् सगळं इचारून घेतलं. खराटा कवा टेकवतात, कोनाचं झाड कवा मोकळं होते, सगळं. पोट्टे खाली मान घालून बसलते. गुंजन आपल्या फोडायकडं पाह्यत होती.

शुभम नावाचा एक हुशार पोट्टा म्हणे, "पण मॅडम, आम्ही विचारलं होतं. तुम्ही सांगितलं तसंच केलं."

"हो," मॅडम म्हणे. "मीच सांगितलं होतं."

अश्विन म्हणे, "आपण पाला परत नेऊन टाकू ना झाडाखाली. होता तसा."

बुढी रडता रडता हासली. "अरे माह्या राज्या," म्हणे, "तू तं माह्या नातवाहून बी लहान हायस."

संध्याकाळी गावच्या ओट्यावर बैठक भरली. ताराचंद भुमका, आमच्या देवाचं पाह्यणारा म्हातारा, मधात बसला. माणसं पुढं, बाया मांगं. मी बायायच्या बी मांगं, पदर खाली ओढून. पदराच्या आतून मले फक्त लोकायचे पाय दिसत होते.

रामाजी शांतपणे म्हणे, "झाडं पडीत होते. शिमगा तोंडावर आला, खराटा लागला नव्हता. मी कोनाचं हिसकलं काय? अन् मी तं हात बी नाई लावला. पोट्ट्यायनं झाडलं."

"तुझ्या सांगण्यावरून," मॅडम म्हणे, मंग सावरून, "म्हणजे, तुमच्या सांगण्यावरून. रामाजीभाऊ, तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत की ती कोणाची आहेत."

"तुमी विचारलंच नाई," भासरा म्हणे. "तुमी विचारलं, काम काय करू. मी काम सांगतलं."

ताराचंद भुमक्यानं तंबाखू मळली, खाल्ली. मंग म्हणे, "ज्यायच्या हातानं झाडलं त्यायचे झाडं. पोट्ट्यायच्या हातानं झाडलं. ह्या साली ते मोह कॉलेजचे. रामाजीचे नाई. जयाचे बी नाई."

"मग आम्ही ते जयाताईंना देतो," मॅडम पटकन म्हणे.

"देता येत नाई," भुमका म्हणे. "झाडलं त्यानंच वेचायचं. थांबा अन् वेचा."

थांबतीन कसे? दोन दिवसात त्यायची गाडी येणार होती. पुढं परीक्षा.

मंग मॅडमनं जे केलं ते तिनं चांगल्या मनानंच केलं, हे मले माहीत हाय. ती उठली, बायायच्या मधातून वाट काढत माह्यापाशी आली अन् सगळ्यायसमोर म्हणे, "आपण सगळे जयाताईंबद्दल बोलतोय. त्यांनाच विचारलं नाही. जयाताई, तुम्ही बोला. तुम्हाला काय वाटतं? घाबरू नका."

भासरा दहा हातावर बसलेला. मी बोलली असती तं बेशरम, नाई बोलली तं मुकी. मॅडम माह्या खांद्यावर हात ठुवून उभी. मी पदराचं टोक दातात धरलं. सगळे माणसं मान वळवून माह्याकडं पाहून राह्यले होते. कोनीतरी खोकललं. मंग मांगून एक बाई हासली, तिच्या मांगं दुसरी. माह्या कानातून गरम वाफा निघत होत्या. दिवाळीपासून मले पह्यल्यांदा काई वाटलं तं ती शरम होती.

वच्छला उठली अन् मॅडमचा हात माह्या खांद्यावरून काढला. "बाई," म्हणे, "ती बोलत नाई. सोडा तिले."

रात्रीच्या जेवणाच्या टायमाले मॅडम चुलीपाशी आली. बसली माह्याजवळ, धुरात. "जयाताई," म्हणे, "मी तुम्हाला तिथं असं उभं करायला नको होतं. माझी फार मोठी चूक झाली."

"पोळ्या किती टाकू मॅडम?" मी विचारलं.

तिनं सांगतलं. मी टाकल्या.

ते गेले. जातानी गुंजन बुढीच्या गळ्यात पडून रडली. माह्या गळ्यात पडाले आली, तं मी हातातलं गंज खाली ठुवलं नाई. तिनं माह्या पायाले हात लावला अन् गाडीत बसली.

शिमगा झाला अन् मोह गळाले लागला. पहाटे अख्खा टोला टोपले घेऊन निघे. मी दुसऱ्याच्या झाडाखाली अर्धेलीनं वेचाले जाये, वेचलेल्यातले अर्धे त्यायले, अर्धे मले. वाट नाल्यावरूनच होती. आमच्या तीन मोहायच्या खाली झाडलेल्या भुईवर फुलंच फुलं, पिवळेजर्द, एकावर एक पडलेले. त्या वासानं डोकं जड होये. एक बी माणूस तिथं पाय ठुवत नव्हता. कॉलेजचे होते ना ते. रामाजी बी ठुवत नव्हता, भुमक्याचा शब्द होता. दिवसा ते वाळत, रात्री हरणं खात. उरलेल्याले माश्या लागत. वच्छला एकडाव त्या जागेच्या कडेवर उभी राहून म्हणे, "काय सोन्यावानी माल सडून राह्यला व." माह्याकडं पाह्यलं अन् चालली गेली.

बुढीनं आतापावतो आपली वाटी भासऱ्याच्या घरी नेली होती. दुपारचं तिथं जेवे, रातचं माह्याजवळ. तिले बी दोष नाई.

शेवटचे फुलं गळाले, नवी पालवी आली. एक दिवस मी नेहमीवानी खराटा उचलला, दारावरी गेली. म्हटलं, परत ठुवीन. पन दाराच्या बाहेर पाय पडला तं पडला. नाल्यावर जाऊन मी सडलेले फुलं झाडून काढले. चुन्यानं लिहिलेलं नाव पायानं घासलं. नीलेशचा खराटा मधल्या मोहाले टेकवला अन् घरी आली.

मंग रोज गेली.

भासरा बुढीले म्हणे, "डोकं फिरलं काय तिचं? वैशाखात कोन मोहाखालचं झाडते?"

बुढीनं ताराचंद भुमक्याले विचारलं. त्यानं विचार केला अन् म्हणे, "शिमग्याच्या आधी झाडाचं, एवढंच हाय. कवापासून झाडाचं हे कोनी ठरवलं नाई."

आखाड-सावनात गवत आलं, मी विळ्यानं कापलं. पोळ्याच्या दिवशी बी गेली. थंडीत सागाचे पानं गळाले लागले तं सकाळी झाडलं की दुपारवरी परत तेवढेच. लोकं वाटनं जातानी म्हणत, झाली का व जया तुह्यी झाडलोट? मी हो म्हणे. झाडतानी मनात काई नसे. नीलेश बी नसे. फक्त खराट्याचा आवाज. बरं वाटे म्हणत नाई मी, पन दुसरं काई बरं वाटत नव्हतं.

फागुन लागला. भगत मॅडम परत आमच्याच टोल्यावर आली, नवे पोट्टे घेऊन. ह्या डाव सैपाकाले दुसरी बाई होती. मी नाल्यावर झाडत होती, पदर कमरेले खोचलेला, डोकं उघडं, तं वाटनं सगळे येतानी दिसले. पुढं रामाजी, नव्या पोट्ट्यायले शिवार दाखवत. मांगं पोट्टे. सगळ्यात मांगं मॅडम.

एक नवी पोट्टी थेट झाडलेल्या जाग्यात आली. "मावशी, एकट्याच करताय? द्या ना, मी करते," म्हणे, अन् तिनं खराट्याच्या दांड्याले हात लावला. मॅडम मांगून ओरडली, "थांब!" पन ती लांब होती.

रामाजी त्या पोट्टीले म्हणे, "करा, करा. थकली असन ती. अजून खराटे हायेत माह्या घरी."

मी दांडा सोडला नाई. डोक्यावर पदर घ्याले हात वर गेला होता, तो मी खाली आणला. अन् मी माह्या भासऱ्याच्या तोंडाकडं पाह्यलं. लग्न होऊन आल्यापासून त्याचं तोंड मी असं समोरून पाह्यलंच नव्हतं. नीलेशवानीच नाक होतं.

"तुमी ह्या पोट्ट्यायले घेऊन जा इथून," मी म्हटलं. मोठ्यानं निघालं. "हे झाडं माह्ये हायेत. अन् तुमचा बी पाय माह्या जाग्यात हाय. मांगं घ्या."

भासऱ्यानं खाली आपल्या पायाकडं पाह्यलं. मंग त्यानं एक पाय मांगं घेतला, मंग दुसरा, अन् तोंड फिरवून वाटेले लागला. पोट्टीनं हात सोडला. मॅडमनं सगळ्यायले हातानंच मांगं बोलावलं. मले काई विचारलं नाई तिनं. तिथूनच हात जोडले अन् पोट्टे घेऊन गेली.

भुईवर त्या पोट्टीच्या बुटायचे अन् भासऱ्याच्या चपलेचे ठसे उमटलेते. मी ते झाडून काढले. मंग मधल्या मोहाच्या बुडाशी बसली अन् मले रडू आलं. नीलेश गेल्यावर पह्यल्यांदा. त्याचं नाव घेऊन रडली, नाल्यात आवाज घुमला एवढं रडली. मंग नाक पुसलं अन् उठून राह्यलेलं झाडलं.